सदस्यांचे प्रश्न आणि पंचायतीचा कारभार

लोकशाहीत निर्णय बहुमताने होतात. निर्णयामागील कारणे विचारण्याचा हक्क मात्र एकट्यादुकट्या सभासदालाही असतो. ठराव मंजूर करण्यास संख्याबळ लागते, अविश्वासाचा प्रस्ताव आणण्यास तर त्याहूनही अधिक लागते. प्रश्न विचारण्यास फक्त अभ्यास आणि थोडे धैर्य पुरते. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सर्व स्थानिक संस्थांत निवडून आलेल्या सदस्याच्या हाती असलेले हे सर्वांत साधे साधन आहे. तरीही ते फार कमी वेळा नीट वापरले जाते. कोठे प्रश्न विचारलाच जात नाही, कोठे तो इतका मोघम असतो की त्याचे उत्तरही तितकेच मोघम मिळते, आणि कोठे चांगल्या प्रश्नाला मिळालेले चांगले उत्तर इतिवृत्तात न उतरल्यामुळे हवेत विरून जाते. या साधनाचे स्वरूप, त्याची मर्यादा आणि त्याचा उपयोग यांचा विचार पंचायत सदस्य, अधिकारी आणि शिक्षक या तिघांनाही उपयुक्त ठरेल.

प्रश्नाच्या हक्काची वाटचाल

ब्रिटिश अमदानीत नगरपालिकांतील पुष्कळसे सभासद सरकारनियुक्त असत. नेमणूक करणाऱ्याच्या मर्जीविरुद्ध बोलणे अशा सभासदांना सहसा परवडत नसे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे असेच नियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या वेळी त्यांच्या सन्मानासाठी नगरपालिकेच्या निधीतून खर्च करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा जोतीरावांनी त्यास विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात मंडईची भव्य इमारत उभारण्याच्या बेतावरही त्यांचा आक्षेप होता, आणि तोही याच कारणासाठी. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. १८८६ साली मंडईची इमारत रे मार्केट या नावाने उघडलीही गेली. असे असले तरी 'हा पैसा कोणाचा आणि तो आधी कोणासाठी खर्च व्हावा' हा त्यांचा प्रश्न मागे राहिला. पुढे याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. प्रश्न विचारणारा सभागृहात हरला तरी प्रश्न हरतोच असे नाही, ही शिकवण या प्रसंगातून मिळते.

लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक संस्थांत लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढविण्याचे धोरण मांडले. कायदेमंडळांत मात्र प्रश्न विचारण्याचा हक्क पायरीपायरीने आला. १८९२ च्या कायद्याने सभासदांना काही अटींवर प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण मिळालेल्या उत्तरावर पुन्हा काही विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला. ही पायरी लहान दिसली तरी महत्त्वाची होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार करून आणता येते, पूरक प्रश्नाला मात्र विषयाची खरी माहिती असलेलाच उत्तर देऊ शकतो.

स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवर आधारित जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली संमत झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवून लोकनियुक्त अध्यक्षाच्या हाती नेतृत्व देणे हे महाराष्ट्राच्या या योजनेचे वैशिष्ट्य होते. सत्ता लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांकडे आली, त्याबरोबर तिचा जाब विचारण्याची जबाबदारीही लोकनियुक्त सदस्यांवर आली. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनात्मक आधार दिला.

प्रश्न कोठे विचारावयाचा?

कायद्याने सभांचे वेळापत्रक आखून दिले आहे. ग्रामपंचायतीची सभा दरमहा व्हावयास हवी. पंचायत समितीच्या दोन सभांत एक महिन्यापेक्षा आणि जिल्हा परिषदेच्या दोन सभांत तीन महिन्यांपेक्षा अधिक अंतर पडू नये, अशी अपेक्षा आहे. वित्त, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, महिला व बालकल्याण इत्यादी विषय समित्यांच्या सभा वेगळ्या होतात. म्हणजे प्रश्नाला जागा नाही, अशी तक्रार करण्यास कायद्याने फारसा वाव ठेवलेला नाही. योग्य प्रश्न योग्य व्यासपीठावर आणणे हे सदस्याचे काम आहे. शाळेच्या एका वर्गखोलीच्या छपराचा प्रश्न प्रथम शिक्षण समितीत यावा. जिल्ह्यातील सर्व धोकादायक वर्गखोल्यांसंबंधीच्या धोरणाचा प्रश्न मात्र सर्वसाधारण सभेत शोभतो.

गावपातळीवर ग्रामसभा हे आणखी एक व्यासपीठ आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे आवश्यक आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्तीसाठी लागते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. ग्रामसभेत मतदार हाच प्रश्नकर्ता असतो, सरपंचाबरोबर ग्रामपंचायतीचे सर्व सदस्यही तेथे उत्तरदायी असतात. मासिक सभेत मौन पाळणाऱ्या सदस्याला ग्रामसभेत 'तुम्ही त्या सभेत काय विचारलेत?' असा प्रश्न आला, तर तो गैर म्हणता येणार नाही.

सभेच्या कामकाजात दोन क्षण विशेष महत्त्वाचे असतात. पहिला क्षण मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा. घाईघाईने वाचल्या गेलेल्या इतिवृत्तात प्रत्यक्षात न झालेला ठराव किंवा बदललेली रक्कम असेल, तर हरकत घेण्याची वेळ हीच असते. एकदा इतिवृत्त कायम झाले की ते पुरावा बनते. दुसरा क्षण ऐनवेळच्या विषयांचा. सभेच्या शेवटी सदस्य उठण्याच्या तयारीत असताना मांडल्या जाणाऱ्या विषयांची टिपणी कोणीही वाचलेली नसते. विषय खरोखर तातडीचा आहे काय, तो कार्यक्रमपत्रिकेवर का आला नाही आणि त्यास किती खर्च येणार आहे, हे तीन प्रश्न अशा वेळी विचारले गेले, तर पुढे उद्भवणारे अनेक लेखापरीक्षण आक्षेप टळू शकतात.

मोघम प्रश्न आणि नेमका प्रश्न

प्रश्नाची भाषा उत्तराचे स्वरूप ठरविते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका डोंगरी गावात नळपाणी योजना पूर्ण झाली आहे. टाकी बांधून झाली, गावठाणात नळांना पाणी आले, उद्घाटनही झाले. गावापासून अर्ध्या कोसावरच्या वाडीत मात्र पाणी पोहोचलेले नाही. तेथील बायका पूर्वीप्रमाणेच उतारावरील झऱ्यावरून हंडे आणतात, आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुली सकाळच्या शाळेला उशिरा पोहोचतात. वाडीची सदस्या मासिक सभेत उभी राहून विचारते, 'आमच्या वाडीला पाणी का येत नाही?' सरपंच उत्तर देतात, 'प्रयत्न चालू आहेत.' सभा पुढच्या विषयाकडे वळते. प्रश्न खरा होता, दुःखही खरे होते, पण हाती काही लागले नाही.

पुढच्या सभेसाठी त्याच सदस्येने शाळेतील शिक्षकांच्या मदतीने प्रश्न लिहून काढले आणि चार दिवस आधी सचिवांकडे दिले, असे धरू. योजनेच्या अंदाजपत्रकात वाडीपर्यंत किती मीटर जलवाहिनी धरली होती? मोजमाप पुस्तिकेत किती मीटरची नोंद आहे? काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या तारखेस दिला, आणि चाचणीच्या वेळी वाडीतील नळाला पाणी आले होते काय? ठेकेदाराचे अंतिम देयक अदा झाले आहे काय? २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे, त्याप्रमाणे वाडीला पाणी देण्यास टाकीची क्षमता पुरेशी आहे काय? राहिलेले काम कोण आणि किती तारखेपर्यंत करणार?

या सहा प्रश्नांपैकी एकालाही 'प्रयत्न चालू आहेत' हे उत्तर लागू पडत नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आकडा, तारीख किंवा होय-नाही या स्वरूपातच देता येते. सचिवांना कागद काढावे लागतात. कागद निघाल्यावर असेही दिसून येऊ शकते की, जलवाहिनी वाडीच्या अलीकडे चारशे मीटरवर थांबली आहे, कारण मधल्या शेताच्या मालकाने चर खणण्यास हरकत घेतली होती. सरपंचांनी ही गोष्ट उघड केली नव्हती. तो शेतकरी दुखावला जाऊन गावात दुफळी माजेल, अशी त्यांना भीती होती. अशा वेळी प्रश्न सरपंचांच्याही मदतीला येतो. एकट्याने वाहिलेले ओझे सभेपुढे येते. मग बांधाच्या कडेने जलवाहिनी नेता येईल काय, पिकाच्या नुकसानीची भरपाई देता येईल काय, याची चर्चा होऊ शकते. शेतमालकालाही आपली बाजू मांडण्याची संधी मिळते.

चांगल्या प्रश्नाची लक्षणे यावरून ध्यानात येतील. तो एका वेळी एकाच बाबीसंबंधी असावा. त्यात कालावधी, ठिकाण आणि कामाचे नाव स्पष्ट असावे. शक्य तेथे कागदाचा उल्लेख असावा, उदाहरणार्थ मोजमाप पुस्तिका, कर आकारणीचा नमुना ८ किंवा कर मागणीचा नमुना ९. आरोप, उपरोध आणि भाषण यांना त्यात स्थान नसावे. शेवटी पुढील कृतीची तारीख मागितलेली असावी. 'गावात भ्रष्टाचार माजला आहे, याची जाणीव सरपंचांना आहे काय?' हा प्रश्न नव्हे, ते प्रश्नचिन्ह लावलेले भाषण आहे. त्याला उत्तर देणे शक्य नसते, आणि न दिलेले उत्तर पकडताही येत नाही.

उत्तर देणाऱ्याची कसोटी

प्रश्न विचारणे हा जसा सदस्याचा हक्क आहे, तसे उत्तर देणे हे पदाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तपशील सचिव, गटविकास अधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या कार्यालयातून येतो. निर्णयाची जबाबदारी मात्र सरपंच, सभापती आणि अध्यक्ष यांना स्वतः स्वीकारावी लागते. 'अधिकाऱ्यांनी असे केले' हे वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले, तर पदाचा मान राखला जात नाही आणि अधिकारीही खरी टिपणी लिहिण्यास कचरू लागतात.

माहिती तत्काळ उपलब्ध नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि पुढील सभेपूर्वी लेखी उत्तर देण्याचे मान्य करावे. चुकीच्या आकड्यापेक्षा उशिरा दिलेला बरोबर आकडा केव्हाही चांगला. निर्णय चुकला असेल तर तो चुकला असे सांगण्याने पद जात नाही. लपविलेला निर्णय लेखापरीक्षणात उघडकीस आल्यावर मात्र वसुलीची पाळी येऊ शकते.

निधीच्या अटींचे ज्ञान दोन्ही बाजूंना असणे येथे अगत्याचे ठरते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील अनुदानात ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता या कामांसाठी बंधित होती, तर ४० टक्के रक्कम स्थानिक गरजेनुसार वापरता येत होती. बंधित निधीतून समाजमंदिराची कमान का बांधली नाही, असा प्रश्न विचारणारा सदस्य स्वतःचाच अवमान करून घेतो. अबंधित निधी वर्षानुवर्षे एकाच प्रभागात का खर्च झाला, हा प्रश्न मात्र निरुत्तर करणारा ठरू शकतो.

प्रश्नाचा दुरुपयोग होत नाही असे नाही. महाराष्ट्रात १९९० साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने किमान एक तृतीयांश जागांची हमी दिली आणि २०११ साली राज्याने हे प्रमाण ५० टक्के केले. अनुसूचित जाती-जमातींसाठीही राखीव जागा व पदे आहेत. प्रथमच खुर्चीवर बसलेल्या स्त्रीला किंवा मागासवर्गीय सरपंचाला गोंधळात टाकण्यासाठी सभेत प्रश्नांचा भडिमार केला जातो, तेव्हा त्यामागे माहिती मिळविण्याची इच्छा नसते. लेखी प्रश्न आधी देण्याची पद्धत अशा ठिकाणी ढालीसारखी उपयोगी पडते. उत्तर तयार करण्यास वेळ मिळतो आणि प्रश्नकर्त्यालाही आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यावी लागते. याबरोबरच सरपंच महिलेच्या वतीने तिच्या पतीने सभेत उत्तरे देणे पूर्णतः अनुचित होय. ज्याला मतदारांनी निवडले नाही, त्याचे उत्तर सभेला बांधत नाही. तिने स्वतः दिलेले अडखळते उत्तरही त्याहून अधिक मोलाचे ठरते.

माहितीचा अधिकार आणि सभेतील प्रश्न

महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. केंद्रीय कायद्यानुसार अर्जदाराला सामान्यतः ३० दिवसांत माहिती मिळावयास हवी. हा कायदा असताना सभेतील प्रश्नाची गरज काय, अशी शंका काही सदस्य घेतात. दोहोंतील भेद लक्षात घेतला पाहिजे. अर्जाला उत्तर म्हणून कागद मिळतो, आणि कागदात जे लिहिलेले असते तेवढेच त्यातून कळते. सभेतील प्रश्नाला उत्तर म्हणून कारण मिळते. ते सर्व सदस्यांसमक्ष दिले जाते, त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो आणि त्यावरून सभा नवा निर्णय घेऊ शकते. कागद आधी मिळवावा आणि कारण सभेत विचारावे, हा दोन्ही साधनांचा सुयोग्य मेळ होय.

इतिवृत्तात उतरलेले उत्तर

प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले, तरी काम तेथे संपत नाही. 'सविस्तर चर्चा झाली' या तीन शब्दांत अनेक सभांतील प्रश्नोत्तरे गडप होतात. प्रश्नकर्त्याचे नाव, प्रश्नाचा आशय, दिलेले उत्तर आणि मान्य केलेली तारीख या चार गोष्टी इतिवृत्तात असाव्यात, असा आग्रह सदस्यांनी धरला पाहिजे. पुढील सभेत अनुपालनाचा विषय घेऊन मागील आश्वासनांचा आढावा घेतला जावा. एखाद्या वहीत आश्वासनांची साधी नोंद ठेवली आणि ती ग्रामसभेत वाचून दाखविली, तरी पुरे. सदस्य बदलले, सरपंच बदलले, तरी वही बदलत नाही.

शिक्षकांना या बाबतीत विशेष कार्य करता येण्यासारखे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची दुरुस्ती, धोकादायक इमारतीचे निर्लेखन, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी, या विषयांची अचूक माहिती त्यांच्यापाशी असते. किती खोल्या धोकादायक आहेत, निर्लेखनाचा प्रस्ताव कोणत्या तारखेस पाठविला, तोवर मुले कोठे बसतात, ही माहिती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत सदस्यापर्यंत पोहोचली, तर सभागृहातील प्रश्नाला धार येते. त्याचप्रमाणे वर्गात बालसभा भरवून मुलांना प्रश्न मांडण्याची आणि उत्तर टिपून घेण्याची सवय लावता येईल.

प्रश्न नसलेले सभागृह

प्रश्नाचे मोल त्याच्या अभावी अधिक कळते. २०२२ पासून मुदत संपलेल्या राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा आणि महानगरपालिका यांचा कारभार प्रशासकांकडे गेला. आरक्षणाचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याने निवडणुका लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या घेण्याचा आदेश दिला. मधल्या काळात अंदाजपत्रके मंजूर झाली, रस्ते झाले, पगार झाले. तथापि ज्या खुर्च्यांवरून गटातील आणि प्रभागातील माणसांचे गाऱ्हाणे मांडले जावयाचे, त्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कार्यक्षम प्रशासन उत्तम निर्णय घेऊ शकते. त्या निर्णयाचे कारण लोकांसमक्ष सांगण्याची सक्ती मात्र समोर बसलेला सदस्यच करू शकतो.

म्हणून निवडून आलेल्या सदस्याने पहिल्या सभेला जाताना सत्काराच्या हारापेक्षा एक वही बरोबर न्यावी, हे बरे. आपल्या प्रभागातील तीन कामांची नावे, त्यांच्या मंजुरीच्या तारखा आणि त्यांतील एकेक नेमका प्रश्न तीत लिहिलेला असावा. उत्तर देणाऱ्यानेही तो प्रश्न आपल्याविरुद्धचा आरोप न समजता आपल्या निर्णयाची बाजू मांडण्याची संधी समजावे. अशा प्रश्नोत्तरांतून गावाला एका सभेत सारे काही मिळणार नाही. तथापि वाडीतील नळाला पाणी कधी येणार याची तारीख इतिवृत्तात लिहिली गेली, तर ती तारीख चुकल्यावर विचारण्याचा पुढचा प्रश्नही आपोआप तयार झालेला असतो.